सासूबाईंची खोली, जशी होती तशी

४ ऑक्टोबर, रविवार

ही वही मीच बांधलेली. छापखान्यात उरलेल्या कोऱ्या कागदांची, हिच्यासाठी. हिने पहिल्या पानावर ‘चांगलं काहीतरी लिहायला’ एवढं लिहिलं आणि ठेवून दिली. दोन वर्षांपूर्वी ही गेली, तेव्हा पुढची सगळी पानं कोरी होती. मी काही चांगलं लिहिणार नाही, पण कुणाशी तरी बोलायला हवं. लेकीशी, म्हणजे आमच्या चिमणीशी बोलावं, तर ती दिवसभर लोकांना मोटार चालवायला शिकवते आणि घरी येते तेव्हा तिचा घसा बसलेला असतो.

तर झालं असं, की आजपासून सासूबाई आमच्याकडे आहेत.

मेव्हण्याने आणून सोडलं. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याने आईचं घर विकलं आणि सामान भंगारवाल्याला देऊन टाकलं. पलंग, टेबल, शिवणाचं मशीन, घड्याळ, सगळं. त्या घराच्या आतल्या खोलीत सासूबाईंनी पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि झोपल्याही तिथेच. आता त्या विसरायला लागल्यात. सकाळी उठतात, ‘घरी जाते’ म्हणतात आणि चालायला लागतात. मेव्हण्याकडून तीनदा निघून गेल्या. त्याने वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवली होती. मी म्हटलं, माझ्याकडे आण. तो म्हणाला, “भाऊजी, तुम्हाला नाही झेपायचं.”

बस्स. एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले मी. एकेक अक्षर चिमट्याने उचलून पुस्तकंच्या पुस्तकं उभी केली. मला नाही झेपायचं?

शेवटी ठरलं ते असं. एक नोव्हेंबरला तो येणार. तोवर त्या इथे रमल्या तर राहतील, नाहीतर तो घेऊन जाणार.

सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, हेही इथे लिहून टाकतो. माझी कॉलर, माझं नाक, माझ्या नखांतली शाई, बाईंनी कशालाही सोडलं नाही. तेहेतीस वर्षं. मग हा उपद्व्याप कशाला? मेव्हण्याची जिरवायला. दुसरं काही कारण नाही.

५ ऑक्टोबर

सकाळी सहाला सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. पिशवीत दोन कपडे आणि त्यांची मोठी कात्री. कात्री कुणालाही हात लावू देत नाहीत.

“कुठे निघालात, आई?”

“घरी. कामं पडलीयेत.”

“हे घरच आहे.”

त्यांनी भिंतींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे तुमचं घर आहे, जावईबापू. मी इथे पाहुणी आहे. पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी निघावं.”

विसरतात म्हणे. मला बोलायचं मात्र एक अक्षर विसरलेल्या नाहीत.

७ ऑक्टोबर

डॉक्टरबाई म्हणाल्या, ओळखीच्या वस्तू आसपास ठेवा, हाताला सवयीच्या. आता वस्तू तर भंगारात गेल्या.

आणि मग मला फोटो आठवला! ट्रंकेच्या तळाशी, पाकिटात होता. सासूबाईंच्या आतल्या खोलीचा एकुलता एक फोटो, काळा-पांढरा, तळहाताएवढा. कॅमेरा कुणाचा तरी मागून आणलेला. हिने खोलीच्या दारात उभं राहून तो काढला, आणि आमच्या छापखान्याच्या अंधाऱ्या खोलीत मी स्वतः छापला. तीस वर्षं झाली. मागे हिच्या अक्षरात लिहिलंय, ‘आईची खोली. ह्यांनी स्वतः छापला.’ कागद जरा पिवळा पडलाय, बाकी काय छपाई आहे! एक डाग नाही.

मी त्या खोलीत कधी गेलेलो नाही. जावई म्हणून मला कायम बाहेरच्या खोलीत बसवलं, आतला पडदा ओलांडायची छाती झाली नाही. चिमणी लहानपणी आत खेळायची, पण तिला फक्त बटणांचे डबे आठवतात. म्हणजे आता जे काही आहे ते ह्या फोटोत.

माझी कागदांची खोली मागच्या बाजूला आहे. दारासमोर खिडकी, अगदी तशीच. ती रिकामी करतो आणि सासूबाईंची खोली जशी होती तशी उभी करतो. नवीन काही विकत आणायचं नाही. जुन्या बाजारातून शोधायचं, घरातलं वापरायचं, हाताने करायचं. चिमणी म्हणाली, “बाबा, दाखवा तरी मला फोटो.” म्हटलं, काम पूर्ण होईपर्यंत कुणी मध्ये पडायचं नाही. तपासायच्या आधीचा कच्चा कागद मी कधी कुणाला दाखवलेला नाही.

८ ऑक्टोबर

खिळे बघायचं जुनं भिंग काढलं आणि फोटो तपशीलवार उतरवून घेतला. दारातून बघताना:

पलंग उजव्या भिंतीला. उशी खिडकीकडे. पलंगाशेजारी स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या.

डाव्या भिंतीला कापायचं टेबल आणि मशीन. दाराच्या लगत, त्याच भिंतीवर तीन खुंट्या. वर घड्याळ, आकडे नसलेलं, नुसत्या रेघा. वेळ पावणेतीन. पण खिडकीतून आलेलं ऊन सकाळचं वाटतंय. म्हणजे घड्याळ बंद होतं! दुसऱ्यांना वेळेवरून बोलणाऱ्या बाईंच्या घरी घड्याळ बंद. मला जरा बरं वाटलं.

खिडकीजवळ कॅलेंडर, मुंगीएवढी अक्षरं, पण भिंगातून स्वच्छ वाचली: जानेवारी.

सासूबाई टेबलाशी उभ्या, डाव्या हातात कात्री. त्या डावखुऱ्या आहेत हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. माणसाकडे आपण बघतो म्हणजे काय बघतो!

११ ऑक्टोबर, रविवार

पलंग झाला! एक जुनी इमारत पाडत होते, तिथून दोन सागवानी दारं उचलून आणली. चिमणीच्या शिकवायच्या गाडीच्या टपावर बांधून, मागे ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी. लोक बघत होते. बघू देत.

बिजागऱ्यांच्या खाचा भुसा आणि सरसाने बुजवल्या, रंधा मारला, पॉलिश केलं. एक दार झोपायला, दुसरं कापून उशाची फळी आणि पाय. हात फिरवला तर लोण्यासारखं लागतं. चिमणी म्हणाली, “बाबा, तुम्ही सुतार व्हायला हवं होतं.” मी पलंगाभोवती उगाचच चार चकरा मारल्या.

१३ ऑक्टोबर

कापायचं टेबल शाळेच्या मोडक्या बाकांचं केलं. फळ्यांवर पोरांनी कोरलेली नावं होती, ती खालच्या बाजूला गेली. फक्त एका ठिकाणी ‘गणित नको’ असं आहे ते राहू दिलं.

छापखाना बंद झाला तेव्हा आठवण म्हणून मी खिळ्यांचा एक खण घरी आणला होता, शंभरेक चौकोनी कप्प्यांचा लाकडी ट्रे. तो भिंतीला उभा लावला. जिथे माझे ‘क’ आणि ‘ख’ असायचे तिथे आता बटणं, हुक, रिळं. जुन्या बाजारातून बटणांची बरणी आणलीय. सासूबाईंसमोर ओतली तर तासभर निवडत बसल्या, आकाराप्रमाणे आणि भोकांप्रमाणे. ‘घरी जाते’ म्हणाल्या नाहीत. तासभर!

१५ ऑक्टोबर

जुन्या बाजारात मिशीवाल्याच्या दुकानात मशीन बघितलं. चांगलं आहे, पण चाक उजवीकडे. मी म्हटलं, “डाव्या चाकाचं दाखवा.”

“डाव्या चाकाचं मशीन नसतं हो, काका.”

“नसतं कसं? माझ्याकडे फोटो आहे.”

“मी तीस वर्षं मशीनं विकतोय.”

“मग अजून थोडी वर्षं विका, दिसेल.” जुन्या बनावटीचं असेल, ह्यांना काय माहीत. पण दिवस थोडे राहिलेत, म्हणून आहे तेच घेतलं. खोलीत तेवढी एकच वस्तू फोटोसारखी नाही. मनाला लागून राहिलंय.

घड्याळ मात्र मिळालं. त्यावरचे आकडे खरवडून काढले, रेघा रंगवल्या. पावणेतीनवर ठेवलं नाही, चालू ठेवलं. एवढी सुधारणा मला करू दे.

१६ ऑक्टोबर

आज हिचं कपाट उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कारण पडदा. फोटोतल्या पडद्यावर मोठी मोठी फुलं आहेत, पाच पाकळ्यांची, एक पाकळी दुमडलेली. बाजारात कुठे मिळेना. आणि मग आठवलं की हिचा कामाचा एप्रन अशाच फुलांचा होता. काढला, भिंग लावलं. तेच कापड! उरलेल्या तुकड्याचा आईने लेकीला एप्रन शिवून दिला असणार.

खिशात एक रुमाल आणि सुतळीचा तुकडा होता. मग रुमाल परत ठेवला आणि एप्रन घेतला.

जुन्या चादरींचा पडदा करून त्याला ह्या फुलांची रुंद किनार लावली. शिवलं मी स्वतः, हाताने. पुस्तकं शिवायचा दोरा, पुस्तकं शिवायचा टाका. कात्री लावायच्या आधी एप्रन दोनदा घडी घालून परत ठेवला, हे कबूल करतो. पण खिडकीला लावल्यावर अशी शोभा आली खोलीला की म्हटलं, हिने बघायला हवं होतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आज सासूबाईंना खोलीत नेलं.

दारात थांबल्या. आत बघितलं. डोळे एकदम मोठे झाले. ओळखलं! सरळ पडद्यापाशी गेल्या, किनार दोन बोटांत धरून चोळली, कापड बघतात तशी. “हे माझं,” म्हणाल्या. माझी छाती फुगली.

मग वळून सगळी खोली बघितली आणि कपाळाला आठी. “उलटं लागलंय.”

“काय उलटं, आई?”

“हेच की. उलटं शिवलंय. उसवा आणि परत लावा.”

पडदा मी दोनदा तपासला. सुलटी बाजू आतच आहे. पण त्यांचा धंदा तो, माझा नाही. उसवतो उद्या.

१८ ऑक्टोबर, रविवार

पडदा उसवून परत लावला. आता फुलं बाहेरच्या बाजूला. सासूबाई: “उलटंच आहे.”

दुपारी मेव्हणा बघायला आला. खोलीत शिरताच, न बघता, उजव्या हाताने बॅग भिंतीला अडकवायला गेला. तिथे काहीच नाही. बॅग धप्पकन जमिनीवर, डबा उघडला, सगळीकडे चपातीभाजी. धांदरट तो धांदरट. खुंट्या डाव्या भिंतीवर इतक्या ठळक आहेत, दाराच्या जुन्या मुठींच्या केल्यात मी.

खोली बघून कौतुक तर नाहीच. मधोमध उभा राहिला, कपाळ चोळलं आणि म्हणाला, “भाऊजी, मेहनत दिसतेय. पण मला इथे कसंतरीच होतंय. गरगरल्यासारखं.” उपाशी असेल, सगळं जेवण तर जमिनीवर. चिमणीने वाढलं तर चार घास खाऊन गेला. जाताना आईच्या पायांवर पांघरूण नीट केलं, ते मी पाहिलं. दमलेला दिसतो.

२० ऑक्टोबर

सासूबाईंनी सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीवर गुडघे आपटले. काल पण. वळतात ते नेमक्या भिंतीकडे. आणि पाणी प्यायला हात करतात तोही भिंतीकडे, तांब्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर असताना. डॉक्टरबाई म्हणतात, आजार वाढला की दिशा कळेनाशा होतात. मला फार वाईट वाटलं.

पण हातपाय गाळून बसलो तर मी कसला. जुने दोन कोट आणि बसच्या फाटक्या सीटमधला स्पंज. भिंतीला गादी करतो.

२१ ऑक्टोबर

भिंतीची गादी झाली. चौकोन चौकोन शिवून, मधे कोटाचीच बटणं. एखाद्या मोठ्या हॉटेलात नसेल अशी भिंत. सासूबाईंनी टाक्यांवरून नख फिरवलं.

“कोणी शिवलं?”

“मी.”

“हे कापड आहे, वही नाही.” थांबल्या. “टाके सरळ आहेत.”

टाके सरळ आहेत! तेहेतीस वर्षांत पहिलं. आज ह्यापुढे काही लिहीत नाही.

२३ ऑक्टोबर

गुडघे आपटत नाहीत आता, गादीत रुततात. मग भिंतीला धरून उभ्या राहतात आणि दार शोधतात. आज त्यांना कापायला कापड दिलं. टेबलाच्या डाव्या हाताला कात्री मांडून ठेवली होती मी, फोटोप्रमाणे. त्यांनी टेबल बघितलं, हात पुढे केला, मागे घेतला आणि खुर्चीत बसून राहिल्या. कापड मांडीवर तसंच.

“काय झालं, आई?”

“इथे हात चालत नाही.”

एवढा हिरमुसलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

सासूबाई निघून गेल्या होत्या.

मी दूध घ्यायला गेलो तेवढ्यात. दोन तास. चिमणीने शिकाऊ माणसाला बाजूला बसवलं आणि स्वतः गाडी घेऊन गल्लीन् गल्ली फिरली. मी पायी. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी बसथांब्यावर सापडल्या. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, कोपर खरचटलेलं. मला बघून म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही तरी सांगा ह्यांना, माझी खोली कुठे नेऊन ठेवलीय?”

मी त्यांच्याशेजारी बसलो. रस्त्यात, लोकांदेखत माझे डोळे भरून आले.

मेव्हण्याला कळवणं भाग होतं. तो ओरडला नाही. “भाऊजी, तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं. पण रविवारी मी गाडी घेऊन येतो,” एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२८ ऑक्टोबर

नीट लिहितो.

चिमणी आजीची पिशवी भरत होती. म्हणाली, “बाबा, तो फोटो द्या. आजीबरोबर देऊ.” आता लपवून तरी काय करायचं, दिला. तिने भिंग लावलं.

“ह्या कॅलेंडरवर काय लिहिलंय? लागत नाही.”

“लागत नाही म्हणजे? जानेवारी.”

“कुठे?”

“अगं, ठसठशीत आहे. जा, ने, वा, री.” मी बोट ठेवून दाखवलं.

तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. ब्रेकऐवजी भलतंच काही दाबणाऱ्या शिकाऊ माणसाकडे ती बघत असेल तसं. “बाबा, तुम्ही कुठल्या बाजूने वाचताय?”

मी बोटाकडे बघितलं. उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

चिमणी उठली, न्हाणीघरातला आरसा आणला आणि फोटोसमोर धरला. आरशात कॅलेंडर सरळ झालं. सासूबाईंची कात्री उजव्या हातात आली. मशीनचं चाक उजवीकडे गेलं. आणि घड्याळात सव्वानऊ वाजले.

जन्मभर मी खिळे वाचले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, छापल्यावर सरळ होतं. उलटं आणि सरळ माझ्या डोळ्यांना सारखंच. दुसऱ्या कुणीही हा फोटो भिंगाखाली धरला असता तर पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता, हे उलटं आहे. मी एकटाच असा शहाणा की खडाखडा वाचून मोकळा झालो. आणि फोटो उलटा छापला कुणी? फिल्म पालथी घातली कुणी? मीच. तीस वर्षांपूर्वी, आणि वर मिरवलं.

पलंग, खुंट्या, स्टूल, टेबल. पन्नास वर्षं पलंगाच्या ज्या अंगाला उतरल्या त्या अंगाला मी भिंत उभी केली आणि वर तिला गादी शिवली! बाई बिचाऱ्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, उलटं लागलंय, आणि मी पडदे उसवतोय. मेव्हण्याची बॅग पडली तेव्हा त्याला धांदरट म्हणालो. आणि त्या मिशीवाल्याची माफी मागायला हवी.

चिमणीने आरसा खाली ठेवला. मला वाटलं हसेल. तिने बाह्या वर केल्या आणि विचारलं, “पलंगाचं कुठलं टोक धरू?”

२९ ऑक्टोबर

चिमणीने सुट्टी घेतली. दिवसभर आम्ही दोघं. पलंग डाव्या भिंतीला, स्टूल त्याच्या ह्या अंगाला. टेबल, मशीन, घड्याळ, बटणांचा खण उजव्या भिंतीला. खुंट्या उपटल्या, भोकं बुजवली, दाराच्या उजव्या हाताला परत ठोकल्या. भिंतीची गादी काढली आणि खुर्चीला लावली, एवढं काम वाया का घालवायचं? कंबरेचा काटा ढिला झालाय माझ्या. मशीनचं चाक आहे तिथेच बरोबर आहे. फुलं परत आतल्या बाजूला केली.

सासूबाई बाहेर बसून ऐकत होत्या. “बापलेकीला कामधंदा नाही का?” असं दोनदा म्हणाल्या.

३० ऑक्टोबर

सकाळी पावणेसहापासून मी आणि चिमणी दाराच्या फटीतून बघत होतो. चोरासारखे.

सासूबाई जाग्या झाल्या. डाव्या अंगावर वळल्या. पाय खाली सोडले. पाय जमिनीला लागले. हात बाजूला गेला, तांब्या हाताला लागला, पाणी प्यायल्या. चपला पायात. उठून, डोळे अजून अर्धे मिटलेले, टेबलापाशी गेल्या, खुर्चीत बसल्या, कात्री उचलली. उजव्या हाताने.

आणि कापडावर कात्रीचा आवाज सुरू झाला. कर्र, कर्र, कर्र.

चिमणी माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की वळ उठलाय.

थोड्या वेळाने आतून हाक आली, “कोण आहे तिकडे? पांढरं रीळ आणा. आणि दाराशी उभं राहून उजेड अडवू नका.”

३१ ऑक्टोबर

सगळं बरं झालंय असं नाही. दुपारी स्वयंपाकघरात आल्या आणि मला विचारलं, आपण कोण? सांगितलं, जावई. “शाई लागलेली नखं बघून वाटलंच,” म्हणाल्या. निवृत्त होऊन मला सहा वर्षं झालीत. पण खोलीत परत गेल्या आणि आपल्या कामाला लागल्या. ‘घरी जाते’ आज नाही. कालही नाही.

उद्या मेव्हणा येणार.

१ नोव्हेंबर, रविवार

मेव्हणा गाडी घेऊन आला. आईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली नाही हे त्याला दिसलं. मी त्याला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, “आत जा, आई खोलीत आहेत.”

तो आत शिरला. न बघता उजवा हात वर केला आणि बॅग खुंटीला अडकवली.

दोन पावलं गेला आणि थांबला. मागे वळून बॅगेकडे बघितलं. ती लटकत होती. त्याने पलंग बघितला, टेबल बघितलं, घड्याळ बघितलं. इतका मोठा पुरुष माणूस, पलंगाच्या कडेला बसला आणि रडायला लागला. “इथे मी शाळेतून यायचो,” एवढंच म्हणत होता. सामान भंगारात दिलं ते त्याला किती खात होतं हे मला तेव्हा कळलं. मी उगाच इतके दिवस त्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

सासूबाईंनी मशीन थांबवलं. “काय झालं रडायला? मार्क कमी पडले?”

“नाही, आई. तुला न्यायला आलो होतो.”

“कुठे? माझी कामं पडलीयेत. तू जा. आणि जाताना दार ओढून घे, वाऱ्याने कागद उडतात.”

त्याने जाताना दार ओढून घेतलं. बाहेर येऊन माझ्या हातात हात दिला आणि बराच वेळ सोडला नाही. फोन करून वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं, माझ्यासमोर. आज माझ्यासारखा माणूस मीच! एवढं मिरवून घेतो.

२ नोव्हेंबर

फोटो वहीत ठेवायला घेतला होता. सासूबाईंच्या खोलीत टेबलावर जरा ठेवला, तर त्यांनी उचलला. लांब धरला, जवळ धरला.

“हा उलटा फोटो. अजून आहे का तुमच्याकडे?”

“तुम्ही बघितला होता हा?”

“पोरीने तेव्हाच आणून दाखवला की. मी म्हटलं, अगं, तुझ्या नवऱ्याने मला डावखुरी करून ठेवलं! हसून हसून पुरेवाट झाली दोघींची.”

“मग मला कधी बोलला नाहीत ते?”

सासूबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. परवाची, मी कोण ते न कळलेली नजर नव्हती ती.

“तिने शब्द घेतला ना माझ्याकडून. म्हणाली, आई, बाकी काय वाटेल ते बोल त्यांना, पण ह्यावरून नको. दोन दिवस खपून केलाय त्यांनी. आणि मला फार आवडलाय.” मग बोट रोखून म्हणाल्या, “बोलले का मी कधी? एकदा तरी?”

मी आठवायला लागलो. कॉलर, नाक, नखं, चालणं, खाणं, खोकणं. तेहेतीस वर्षांतलं सगळं आठवलं.

“नाही, आई. एकदाही नाही.”

“मग!” म्हणाल्या आणि सुई उचलली.

काय काय विसरल्या ह्या बाई. स्वतःचं वय विसरल्या, लेक गेली हेसुद्धा मधूनमधून विसरतात. पण लेकीला दिलेला शब्द विसरल्या नाहीत. आणि ही, माझी बायको, मागे ‘ह्यांनी स्वतः छापला’ असं लिहून गप्प बसली. मला वाटायचं, ह्या घरात मला कुणी काही कमी बोललं नाही. दोन बायका तीस वर्षं माझी लाज राखत होत्या आणि मला पत्ताही नव्हता.

फोटोला जुन्या खिडकीच्या पट्ट्यांची चौकट केली आणि सासूबाईंच्या खोलीत, खुंट्यांच्या वर लावला. उलटाच. सरळ करून छापून आणू का, असं चिमणीने विचारलं. म्हटलं, अजिबात नाही.

सासूबाईंनी मान वर करून बघितलं. फोटोबद्दल चकार शब्द काढला नाही.

“खिळा वाकडा ठोकलाय, जावईबापू,” म्हणाल्या.